दाताची निळी कड

ता. ४ जून

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र येईल म्हणून वाट बघितली, आता मीच लिहिते. फोन करता आला असता, पण फोनवर तू हं हं म्हणत दुसरंच काहीतरी करत असतोस हे मला इथून दिसतं. पत्र वाचताना माणूस निदान एका जागी बसतो. लहानपणी तुझं भोकाड ऐकून शेजारचे धावत यायचे आणि आता तुझा आवाज ऐकायला मिळत नाही, याला काय म्हणावं?

इकडे सगळं ठीक. तुझ्या लाडक्या भाचीची, ठकूची, परीक्षा संपली. ती आता दिवसभर लोळते आणि लोळता लोळता मला उपदेश करते. लॅबमध्ये काम वाढलंय. मालकीणबाईंनी आणखी दोन दंतवैद्यांचं काम घेतलं, त्यामुळे माझ्या टेबलावर दातांची रांग असते. माझ्या कामाचं तुला नेहमीच हसू येतं. पण समोरचा एक दात शेजारच्या दातांशी जुळवायचा म्हणजे काय असतं ते एकदा बसून बघ. लोकांना वाटतं दात पांढरा असतो. तो हिरडीजवळ पिवळसर असतो, मध्ये दुधट, आणि टोकाला फिकट निळसर कड असते, दिसते न दिसते अशी. भुकटी कालवून कुंचल्यानं एकेक थर चढवायचा आणि भट्टीत भाजायचा. कड जमली तर दात जिवंत वाटतो, नाहीतर तोंडात बटण शिवल्यासारखा दिसतो.

आता पत्राचं खरं कारण. संध्याकाळी दिव्याकडे पाहिलं की त्याच्याभोवती रंगीत कडं दिसतं. अधूनमधून उजव्या भुवईच्या वर ठणकतं आणि सगळं धुरकट होतं. झोपून उठले की बरं वाटतं. ठकूनं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चल म्हणून डोकं खाल्लंय. मी तिला सांगितलं, घरातच डोळ्यांचा शास्त्रज्ञ बसलाय, आधी त्याला विचारू दे. तू म्हणशील तसं करीन.

जेवणखाण वेळेवर करावं. आमची काळजी करू नये, अगदीच राहवलं नाही तर थोडी करावी.

तुझी
ताई

---

ता. १२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मी खुर्चीतून उठलोच. दिव्याभोवती कडं! अगं, आमच्या चष्म्याच्या काचांच्या कंपनीत हा शब्द रोज कानावर पडतो. हल्लीच्या दिव्यांत आणि पडद्यांत निळा-जांभळा प्रकाश फार असतो. तो डोळ्यात जास्त विखुरतो आणि डोळा शिणतो. तू दिवसभर त्या पांढऱ्या झगझगीत दिव्याखाली मान घालून बसतेस, मग दुसरं काय होणार?

बरोबरच्या डबीत एक चष्मा पाठवतोय. नंबर तुझाच घातलाय, ठकूकडून गुपचूप मागवून घेतला. त्याच्या काचेवर आमचा नवा थर आहे. त्यात इतके बारीक कण आहेत की केसाच्या रुंदीत हजारो मावतील. ते निळा-जांभळा प्रकाश तेवढा गिळतात आणि बाकीचा सोडतात. कण जरा मोठे झाले की भलताच रंग अडतो, म्हणून मी दिवसभर यंत्रात काचा घालून कुठला प्रकाश किती पार गेला ते मोजत असतो. आधीच्या काचा हळदीत बुडवल्यासारख्या दिसायच्या. ही बघ, जवळजवळ स्वच्छ आहे. जो काही थोडा पिवळेपणा आहे तो दोन दिवसांत जाणवेनासा होतो. बाजारात अजून आलेली नाही, तेव्हा तू पहिली.

डॉक्टरांकडे उगाच खेटे घालू नकोस. ते थेंब देतील आणि पुढच्या महिन्यात परत बोलावतील. दोन-तीन महिने हा चष्मा लाव, कामावर तर लावच लाव. मग मला सांग. ठकूला म्हणावं, मामा लोळत उपदेश करत नाही, बसून करतो.

लोभ आहेच, तो नव्या चष्म्यातून आणखी स्वच्छ दिसावा.

तुझा
भोंग्या

---

ता. ३० जून

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

चष्मा पोचला. डबी उघडली तेव्हा मला भरून आलं. माझ्यासाठी स्वतःच्या हातानं काही करून पाठवलंस असं पहिल्यांदाच झालं. (शाळेत असताना पुठ्ठ्याची पेटी केली होतीस, ती तूच परत नेलीस.) लॅबमध्ये सगळ्यांना दाखवला. मालकीणबाई म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. मी मान ताठ करून बसले, म्हणून सगळ्या हसल्या.

तू विचारशील म्हणून सांगते, खूप फरक आहे. कडं दिसायचं थांबलं. भुवईचंही आता फारसं नाही. सकाळी लावते तो संध्याकाळीच काढते. ठकू अजूनही डॉक्टर डॉक्टर करते. मी तिला म्हटलं, मामानं सांगितलंय ना, मग झालं.

तुझ्या कामाला यश येवो. माझं कौतुक पुरत असेल तर ते पोतंभर पाठवलं आहे असं समजावं.

तुझी
ताई

---

ता. १५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोतं पोचलं. मी ते एकट्यानं खाल्लं नाही, कचेरीत वाटलं.

त्याचं असं झालं. परवा मोठी बैठक होती. विक्रीचे साहेब म्हणाले की आलेख कुणाला कळत नाहीत, एखाद्या खऱ्या माणसाचा अनुभव सांगा. मी तुझं वाक्य वाचून दाखवलं. तुझं नाव घेतलं नाही, फक्त म्हटलं की बारीक काम करणाऱ्या एक अनुभवी बाई आहेत आणि त्यांना दिव्याभोवती दिसणारं कडं या चष्म्यानं गेलं. ताई, टाळ्या वाजल्या. इतकी वर्षं मी यंत्रासमोर मान मोडून बसलो तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता तुझं वाक्य माहितीपत्रकावर छापणार आहेत.

आणखी दोन ओळी लिहून पाठवशील? रंग पूर्वीसारखेच दिसतात, काम करताना काही अडत नाही, असं काहीतरी. अर्थात खरं असेल तरच.

तुझ्या मायेवर आधीच बोजा टाकलाय, त्यात हा थोडा आणखी.

तुझा
भोंग्या

---

ता. २२ ऑगस्ट

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, रागावू नको. तुझ्या टाळ्यांचं वाचून आनंद झाला. दोन ओळी वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत, तुला हव्या होत्या तशाच.

माझं मेलीचं वय झालं बघ. परवा स्वयंपाकघरात कपाटाचं उघडं दार दिसलंच नाही, थेट कपाळावर घेतलं. ठकूनं दार उघडं ठेवलं म्हणून तिला बोलले, तर ती म्हणाली की दार माझ्या नाकासमोर होतं. नाकासमोर नव्हतं, उजव्या बाजूला होतं. लॅबमध्येही एक दात परत आला. एका शिक्षिकाबाईंचा समोरचा दात. कड निळी झाली म्हणे, शाईच्या बाटलीत बुडवल्यासारखी. बाई वर्गात तोंडावर हात धरून शिकवतात. मी तो दात हातात घेऊन पुन्हा पुन्हा पाहिला, मला तर कड कमीच वाटली. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्यानंतर आणखी एक परत आला. मी इतकी वर्षं हेच काम करते रे. त्या बाईंचा चेहरा मी पाहिलेला नाही, पण तोंडावरचा हात सारखा दिसतो.

असो. म्हातारपण दार ठोठावतंय, त्याला मीच उघडायला गेले पाहिजे. तुला हे सगळं सांगायचं नव्हतं. तू आपलं काम कर.

आशीर्वाद नेहमीचेच, मोजून घेऊ नये.

तुझी
ताई

---

ता. ९ ऑक्टोबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईला न सांगता लिहिते आहे. फोनवर सांगायला गेले असते तर मी ओरडले असते, आणि तू माझ्याहून मोठा आहेस.

गेल्या आठवड्यात आईला लॅबमधून थेट दवाखान्यात न्यावं लागलं. उजवा डोळा लालभडक, डोकं फुटेल अशी वेदना आणि सारख्या उलट्या. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डोळ्यातलं पाणी वाहून जायची वाट अरुंद असते, ती मधूनमधून बंद व्हायची आणि आतला दाब वाढायचा. दिव्याभोवतीचं कडं आणि भुवईची कळ ही त्याचीच लक्षणं होती. लेसरनं दोन्ही डोळ्यांत बारीक छिद्रं पाडली आणि दाब उतरला. थेंब आता कायमचे. डावा डोळा चांगला आहे.

उजव्या डोळ्याची तपासणी मी बाहेर उभी राहून पाहिली. एका वाडग्यासारख्या यंत्रात डोकं ठेवायचं आणि ठिपका दिसला की बटण दाबायचं. आई मधूनमधून दाबायची, मग बराच वेळ बटण हातात धरून नुसती बसायची. तिला वाटलं, यंत्र बंद पडलं. तिनं तपासणाऱ्या मुलीला तसं सांगितलंसुद्धा. ठिपके येत होते, मामा, मला बाहेर पडद्यावर दिसत होते. कडेचे तिला दिसत नव्हते. जेवढं गेलं ते परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. सुरुवात आधीच झाली असेल, पण जूनमध्ये आणलं असतं तर बरंच वाचलं असतं.

मी तुझ्या चष्म्याबद्दल विचारलं. चष्म्यानं काही बिघडलं नाही आणि काही सुधारलंही नाही, नुसता वेळ गेला, असं ते म्हणाले.

आणखी एक सांगते, त्याचा तुला त्रास झाला तरी. कडं कधीच गेलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पण तू इतक्या प्रेमानं पाठवलास, मग भोंग्याला वाईट वाटेल म्हणून तिनं तसं लिहिलं. मला हे माहीत होतं. मी तिचा हात धरून तिला ओढत न्यायला हवं होतं. मामा म्हणतो म्हटल्यावर मीही गप्प बसले, म्हणून माझा राग सगळाच काही तुझ्यावर नाही.

पुढे काय लिहू कळत नाही. नमस्कार.

तुझी
ठकू

---

ता. २० ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ठकूनं मला सगळं कळवलं. तिच्यावर रागावू नकोस.

हे पत्र मी कितीदा फाडलं ते सांगत नाही. प्रत्येक वेळी पहिल्या परिच्छेदात मी तुझी विचारपूस करायचो आणि दुसऱ्यात स्वतःची बाजू मांडायला लागायचो. मला कुठं माहीत होतं, मी काय डॉक्टर आहे का, वगैरे. मी डॉक्टर नाही हे जूनमध्येही खरंच होतं. तेव्हा ते मला आठवलं नाही. तू कड्याबद्दल लिहिलंस आणि भुवईच्या कळेबद्दलही लिहिलंस. कडं माझ्या कामाचं होतं म्हणून मी तेवढंच वाचलं. कळ माझ्या कुठल्याच आलेखात बसत नव्हती, मी ती सोडून दिली. मी आयुष्यभर काचा मोजल्या गं. काचेच्या पलीकडे कुणाचा तरी डोळा असतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. तो डोळा तुझा असूनही आलं नाही.

चष्म्यानं काही बिघडलं नाही असं डॉक्टर म्हणाल्याचं वाचलं तेव्हा मला क्षणभर हायसं वाटलं. मग मला हायसं वाटलं याचीच इतकी लाज वाटली की मी जेवणावरून उठलो.

आणि त्या शिक्षिकाबाईंचा दात. ताई, तो तू नाही बिघडवलास. दाताची कड निळसर असते, हे तू मला जूनच्या त्याच पत्रात नीट समजावून सांगितलं होतंस. मी तुला निळा गाळणारा चष्मा पाठवला आणि कामावर लावच लाव असं बजावलं. तुला निळा कमी दिसायचा म्हणून तू आणखी घालत गेलीस. कुठला प्रकाश अडतो आणि किती अडतो हे जगात मला जितकं माहीत आहे तितकं कुणाला नाही, आणि नेमकं मीच हे केलं. वर तुझ्याकडून लिहून घेतलं की रंग पूर्वीसारखेच दिसतात. तू म्हातारपण म्हणून स्वतःला बोल लावत बसलीस आणि मी ते वाचून पत्र खिशात घातलं.

ठकूचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशीच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सांगितलं की ते वाक्य माझ्या बहिणीचं आहे, ते खरं नाही, आणि चष्म्याच्या भरवशावर राहून तिच्या उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली. विक्रीचे साहेब म्हणाले की पत्रकावर नाव नाही, कोण तपासायला येतंय? मी म्हटलं, मी येतोय. पत्रकं परत मागवली. दिव्याभोवती कडं दिसत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, ही ओळ डबीवर छापायला लावली, तीही बारीक अक्षरात नाही. आता मला बैठकीला बोलवत नाहीत. त्याचं दुःख नाही. ज्यांच्या हातात ती पत्रकं आधीच पडली त्यांचं काय, हे मात्र मनातून जात नाही. त्यांतल्या कुणाला एखादी ठकू असेल की नसेल?

मला तुझ्याकडे यायचं होतं. तिकीट काढलं आणि रद्द केलं. तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू? तू म्हणशील, जाऊ दे रे, असू दे. तू लहानपणापासून हेच म्हणत आलीस. या वेळी ते ऐकायची माझी लायकी नाही, आणि ते ऐकायला मिळालं नाही तर मी काय करीन तेही कळत नाही. तू सांगशील तसं करीन.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. जागा मोकळी ठेवतो.

तुझा
भोंग्या

---

ता. २ नोव्हेंबर

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र ठकूनं वाचून दाखवते म्हटलं, मी दिलं नाही. स्वतः वाचलं. ओळ संपली की पुढची सापडायला वेळ लागतो, बाकी काही नाही. माझ्या ओळी वरखाली गेल्या असतील तर त्यावर विनोद करायची तुला परवानगी आहे.

मी बरी आहे. कामावर जाते. रंग जुळवायचं काम मी आणि नुकतीच लागलेली एक मुलगी मिळून करतो, खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. शिक्षिकाबाईंचा दात मी उघड्या डोळ्यांनी पुन्हा केला. दात छान जमला हे सांगायला त्या स्वतः लॅबमध्ये आल्या. सवयीनं तोंडावर हात होताच. मग हसू आलं तसा त्यांनी तो खाली घेतला. मालकीणबाईंनी चहा मागवला. त्या दिवशी मला नीट झोप लागली.

आता ऐक. जाऊ दे रे, असू दे, असं मी या वेळी लिहिणार नाही. मला राग आलाय. सकाळी दोन थेंब घालताना येतो, संध्याकाळी दोन थेंब घालताना येतो. जिना उतरताना कठडा चाचपावा लागतो तेव्हा तर फारच येतो. माझा माझ्यावरही आलाय. तू खोटं बोलला नाहीस, तुला खरंच तसं वाटत होतं. खोटं मी बोलले, आणि तुझ्या खुशीसाठी बोलले असं ठकू म्हणते ते अर्धंच खरं आहे. माझा भाऊ मोठा शास्त्रज्ञ, असं लॅबभर सांगून बसले होते. मग चष्मा चालत नाही हे कोणत्या तोंडानं सांगणार? तुला टाळ्या हव्या होत्या आणि मला तुझ्या टाळ्या हव्या होत्या. त्यात ज्या माणसांच्या हातात ते पत्रक पडलं त्यांच्यापर्यंत माझंही वाक्य पोचलंय. ते ओझं तू एकट्यानं उचलू नको, अर्धं माझं आहे.

ठकूला मी काही बोलले नाही. ती रात्री माझ्या खोलीत येऊन थेंब घातले का विचारते आणि मग उगाच उभी राहते. तिचंही मन खातंय. तिघं एकाच घराण्यातले, शोभतो खरे.

माफ केलं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल आणि तू तिथेच बसून राहशील. म्हणून तेही लिहीत नाही. तू जागा मोकळी ठेवलीस, मीही तशीच ठेवते. तिकीट काढ आणि या वेळी रद्द करू नको. डबीत घालून काही पाठवू नको. नुसता ये. मी रागावेन, तू ऐकून घे. भोकाड पसरावंसं वाटलं तर पसर, शेजाऱ्यांना मी सांभाळते.

आणि येशील तेव्हा समोरून ये. दारातून आत आलास की उजवीकडे माझी खुर्ची असते हे तुला माहीत आहे, पण तिथून वळसा घालून माझ्या पुढ्यात येऊन उभा राहा. उजव्या बाजूनं आलास तर तू मला दिसणार नाहीस, आणि तुला वाटेल की मी तुझ्याकडे बघितलं नाही.

तुझी
ताई